वाइन गरम होण्याआधी

राजोडीच्या बाजूच्या गावांत लग्न ठरलं की आधी चर्चची तारीख घेतात, मग हॉलची, मग बॅण्डची, आणि मग फर्डिनंडला फोन करतात. टोस्ट फर्डिनंडचा. हे इतकं ठरलेलं, की कोणी त्याला विचारत नाही, नुसती तारीख कळवतात. केक कापून झाला की पाहुण्यांच्या हातात वाइनचे ग्लास येतात, सगळे उठून उभे राहतात, फर्डिनंड माइकवर टिचकी मारतो आणि नवरानवरीला शुभेच्छा देणारं भाषण करतो. त्याचं झाल्याशिवाय कोणी घोट घ्यायचा नाही, ही रीत. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आवाज खर्जातला, कोट स्वतःचा, पाठांतर दांडगं. खोट काढायचीच तर एक. लवकर थांबत नाही.

त्यामुळे सालोमीने जेव्हा म्हटलं, "मावशी, माझ्या लग्नात टोस्ट तू करायचा," तेव्हा फर्डिनंडच्या बायकोच्या, बर्थाच्या हातातली मोगऱ्याची परडी उपडी झाली.

सकाळची वेळ होती. उन्हं चढायच्या आत कळ्या खुडून दादरला धाडायच्या होत्या. आता मावशी-भाची दोघी वाकून मातीतून एकेक कळी वेचायला लागल्या.

"डोकं फिरलंय का तुझं?" बर्था म्हणाली. "घरात फर्डी असताना मी?"

"अंकल पहिल्या रांगेत बसतील. बोलशील तू."

"अगं, महिला मंडळात हजेरी देताना माझा घसा बसतो. फादरांनी एकदा चर्चमध्ये मिस्सेला वाचन दिलं होतं, आठवतं ना? 'प्रभूचा शब्द' म्हणायच्या ठिकाणी 'थँक्यू' म्हणून खाली उतरले."

सालोमी हसली नाही. हातातल्या कळीची माती फुंकरीने उडवत म्हणाली, "मम्मीचं नाव घे. एकदाच. माइकवर, सगळ्यांसमोर. बाकी काय बोलायचं ते बोल."

बर्था उठून उभी राहिली, परत बसली, परत उठली.

सालोमीची मम्मी म्हणजे मटिल्डा, बर्थाची थोरली बहीण. ती लॉकडाऊनमध्ये गेली. दफनभूमीत मोजकी माणसं, तोंडांना फडकी, फादरांनी प्रार्थना आटोपती घेतली. एरवी या गावात मयत म्हटलं की सगळा गाव मागून चालतो, मिस्सेनंतर कोणीतरी उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतं, लोक रडतात, मध्येच हसतातही. मटिल्डाच्या वाटचं ते सगळं राहूनच गेलं. पुढे निर्बंध उठले, पण तोवर गावाला तिचं नाव न घ्यायची सवय लागली होती. सालोमीसमोर नको, पोरगी रडेल, असं प्रत्येकाला वाटायचं. आणि सालोमीला वाटायचं, सगळे विसरले.

बर्थाचं तर विचारूच नका. ती बहिणीला 'सालोमीची आई' म्हणायची. नाव ओठांवर आलं की घशात काहीतरी आडवं पडायचं, जसा माशाचा काटा. एवढी वर्षं तिने तो गिळलाही नव्हता आणि थुंकलाही नव्हता.

"तुझ्या डॅडींना सांग ना," ती म्हणाली.

"डॅडी?" सालोमी म्हणाली. जन्मभर जहाजावर नोकरी केलेला तिचा बाप दिवसाकाठी जेवढं बोलायचा त्याहून जास्त त्यांचा पोपट बोलायचा. परडी भरली.

फर्डिनंडने बातमी शांतपणे ऐकली. फार शांतपणे. त्या दुपारी त्याने बोंबलाचं कालवण दुसऱ्यांदा घेतलं नाही. संध्याकाळी कपाटातून कोट काढला, झटकला, परत टांगला. बर्था स्वयंपाकघरातून हे सगळं बघत होती आणि विनाकारण भांडी घासत होती.

"तुला वाईट वाटलं का रे?" शेवटी तिने विचारलं.

"मला कशाला वाटेल? पोरीचं लग्न, पोरीची आवड." तो चष्मा पुसत राहिला. "फक्त एक सांगतो. या घरातून टोस्ट जाणार असेल तर तो टोस्टासारखा जाईल. उद्यापासून बसू."

आणि मग बर्थाचे हाल सुरू झाले.

फर्डिनंडने पुठ्ठ्याची कार्डं कापली. पहिल्या कार्डावर विनोद, दुसऱ्यावर बायबलमधलं वचन, तिसऱ्यावर संसाराचा उपदेश. "लोकांच्या डोळ्यांत बघू नकोस, गडबडशील. कपाळाकडे बघ. हात पोटाशी. माइकला दात लावायचे नाहीत. आणि बोलताना एका पायावर उभी राहू नकोस, बगळ्यासारखी."

"मी बगळ्यासारखी उभी राहते?"

"आत्ता राहिली आहेस."

बर्थाने पाय खाली ठेवला. वचन तिला दोन दिवसांत पाठ झालं. उपदेश मात्र तिने आपल्या मनाने फिरवला. फर्डिनंडने लिहिलं होतं की पतिपत्नी ही संसाररथाची दोन चाकं. तिने ते काढून, भांडण झालं तर निदान चहा तरी दोघांचा करा, असं घातलं. फर्डिनंडने भुवई चढवली, पण कार्ड बदललं.

कुकर लावला की ती भाषण सुरू करायची. तिसऱ्या शिट्टीला संपलं पाहिजे, असा तिचा हिशेब. कधी दुसऱ्याच शिट्टीला संपायचं, कधी डाळ करपायची. मुलगा ॲल्रॉय घरी आला की मोबाइलवर तिचं चित्रण करायचा आणि तिलाच दाखवायचा.

"बघ मम्मी, इथे तू सारखी पदराला हात पुसतेस. मासे साफ करून आल्यासारखी."

"मग हात ठेवू कुठे?"

"कुठेच नको ठेवू. विसरून जा हातांना."

विसरून जा म्हटल्यापासून तिला दिवसभर हातच दिसायला लागले. झाडताना हात, खुडताना हात, गुडघे टेकून रोझरी म्हणतानाही हातच. अंगण तिने सकाळी झाडलं होतं, ते दुपारी पुन्हा झाडलं. माळ्यावरचे ख्रिसमसचे तारे खाली काढून पुसून परत वर ठेवले. झोपेत कूस बदलली की ओठ हलायचे. फर्डिनंड अंधारात म्हणायचा, "'प्रिय वधूवर' नंतर स्वल्पविराम आहे, बर्था."

पण खरी अडचण चौथ्या कार्डाची होती. ते तिने स्वतः लिहिलं होतं आणि कोणाला दाखवलं नव्हतं. त्यावर एकच ओळ होती: आज सालोमीची आई मटिल्डा हवी होती. सराव करताना तिथे पोहोचली की तिला खोकला यायचा. खोकून झालं की ती सरळ आशीर्वादावर उडी मारायची.

"इथे काय आहे?" फर्डिनंडने एकदा विचारलं. "रोज याच वळणावर गाडी घसरते."

तिने कार्ड पुढे केलं. त्याने वाचलं. बराच वेळ तो त्या एका ओळीकडे पासबुक तपासावं तसा बघत राहिला.

"हे नको," तो म्हणाला.

"सालोमीने एवढंच मागितलंय."

"पोर आहे ती. तुला कळायला हवं. टोस्टात मयताचं नाव घेत नाहीत, बर्था. इतकी लग्नं केली मी, कधी घेतलं? माणसं हातात वाइन घेऊन उभी असतात. त्यांना हसवून खाली बसवायचं असतं. तू नाव घेणार, रडणार, पोरगी रडणार, तिच्या चेहऱ्यावरचा सगळा मेकअप... आणि नवऱ्यामुलाची, लेस्लीची माणसं म्हणतील, ही कसली माणसं, लग्नात मयत काढतात."

"नाही रडणार मी."

"मग आत्ता म्हण. माझ्यासमोर. नुसतं नाव."

बर्थाने तोंड उघडलं. गल्लीतून पाववाल्याचा भोंगा वाजला, गेला. तिने तोंड मिटलं.

फर्डिनंडने पेनाने ओळीवर हलकी रेघ मारली. रागाने नव्हे, जपून मारली. तीच तिला जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी ती वाडीत गेली, विहिरीपाशी. मोटर चालू होती, पाणी केळीच्या आळ्यांत जात होतं आणि आवाज इतका की बोललेलं आपलं आपल्याला ऐकू येत नव्हतं. म्हणून तिने तिथे प्रयत्न केला. मटिल्डा, ती पुटपुटली. काही झालं नाही. मटिल्डा. मग जरा मोठ्याने. मग तिला चेवच आला. पदर खोचून, केळींकडे तोंड करून ती ओरडायला लागली, आणि नेमकी वीज गेली. मोटर थांबली. त्या एकदम पडलेल्या शांततेत तिचं "मटिल्डा!" अख्ख्या वाडीत घुमलं. पलीकडच्या वाडीत खुडणाऱ्या बायका ताठ उभ्या राहून बघायला लागल्या. बर्थाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि केळीआड खाली बसली. बसल्या बसल्या तिला हसू फुटलं आणि मग त्या हसण्याचं रडू झालं.

म्हणजे मोटर चालू असेल तर जमतं, एवढं कळलं. हॉलमध्ये मोटर नेता येणार नव्हती.

लग्नाच्या दिवशी उकाडा असा की मेणबत्त्यासुद्धा वाकल्या. चर्चमधला विधी छान झाला. संध्याकाळी हॉलमध्ये बर्था खुर्चीच्या टोकावर बसली होती, पाण्याचा ग्लास भरत होती आणि न पिता ठेवत होती. कार्डं पर्समध्ये होती. तिने ती पर्स उघडून पाहिली, बंद केली, उघडली. एकीने विचारलं, "काय बर्था, आज फर्डीला सुट्टी?" ती म्हणाली, "हो, फार छान." त्या बाईने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

फर्डिनंड पहिल्या रांगेत कोट घालून बसला होता. टाय घट्ट. हॉलच्या जिन्यापाशी भेटलेले चार जण त्याला म्हणाले होते, बरं नाही का तुम्हाला? चौघांनाही त्याने हसून सांगितलं, आज आमची मंडळी बोलणार. चौथ्याला सांगताना हसू थोडं कमी पडलं.

केक कापला गेला. ग्लास वाटले गेले. खुर्च्या सरकल्या, सगळा हॉल उभा राहिला. बॅण्डचे म्हातारे मास्तर युजीन पाचूबंदरचे; लहानपणापासून या पट्ट्यातल्या लग्नांत वाजवत आलेले. त्यांनी ट्रम्पेट मांडीवरून उचलून तयार धरलं. ॲल्रॉयने माइक आईच्या हातात दिला आणि कानात म्हणाला, "मम्मी, श्वास." ती म्हणाली, "हो, नंतर घेते."

पण सुरुवात झाली, आणि काय गंमत, बरी झाली. प्रिय वधूवर, स्वल्पविराम. लेस्ली पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याने सालोमीवर छाप पाडायला मोगऱ्याच्या कळ्या खुडायला घेतल्या, आणि कळ्यांबरोबर अर्धं झाडही खुडलं, हे तिने सांगितलं तेव्हा लेस्लीचे मित्र शिट्ट्या मारू लागले. वचन आलं. चहा दोघांचा करा, यावर बायका एकमेकींना कोपरं मारून हसल्या. बर्था दोन पायांवर उभी होती. लोकांच्या कपाळांकडे बघत होती. आणि मग ती त्या वळणावर आली.

सालोमी तिच्याकडे बघत होती. कपाळाकडे नाही. सालोमीचे डोळे मटिल्डाचेच होते, हे इतकी वर्षं माहीत असूनही बर्थाला आत्ता माहीत झालं.

"आज..." ती म्हणाली.

काटा आडवा पडला. खोकलासुद्धा येईना. माइकमधून नुसता तिचा श्वास ऐकू गेला, घोगरा, मोठा. पहिल्या रांगेत फर्डिनंड पुढे झुकला. आणि बर्थाने, रोज सरावात केलं होतं तेच केलं. उडी मारली.

"आणि शेवटी, देव लेस्ली आणि सालोमीला सुखात ठेवो."

संपलं. तिने ग्लास वर केला. सालोमीची नजर खाली गेली, हातातल्या फुलांवर. तिने चेहराही वाकडा केला नाही. फुलांची रिबीन सरळ करत राहिली. तेवढं बघून बर्थाला वाटलं, आता हा हॉल दुभंगला तर बरं.

हॉल दुभंगला नाही. हॉल जागचा हलला नाही. कोणी ग्लास वर केला नाही. बॅण्ड वाजला नाही. सगळी माणसं हातात वाइन धरून, मान तिरकी करून, निवांत उभी होती, आणि तिच्याकडे बघत होती. तिला कळेना. कानशिलं तापली. तिने ग्लास आणखी उंच केला. कोणी खाकरलं. एका मुलाने आईला काहीतरी विचारलं, आईने त्याला गप्प केलं.

युजीन मास्तरांनी ट्रम्पेट खाली केलं, तिच्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "बाय, अजून दोन बाकी हायत ना?"

"काय दोन?"

"शेवटी. फर्डीचे तीन असतात. 'शेवटी' म्हनतो, मग अर्धा तास. परत 'शेवटी' म्हनतो, मग पाव तास. तिसऱ्याला आमी वाजवतो. आधी कोनी उचलत नाय. एकदा लोकांनी पहिल्यालाच उचलले, तर किती रागावला होता."

हळूच म्हणाले खरं, पण माइक चालू होता.

हॉलमध्ये खसखस पिकली, मागून पुढे आली आणि पहिल्या रांगेपाशी अदबीने थांबली. फर्डिनंडचे कान लाल झाले. तो पुढे व्हायला लागला. बर्थाला वाटलं, आला, आता माइक घेईल, चार वाक्यांत सगळं निस्तरेल. खरं तर तिला तेच हवं होतं. तिने माइक थोडा पुढेही केला.

त्याने माइक घेतला नाही. कोटाची बटणं नीट केली आणि जागेवरूनच, माइकशिवायही सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाला, "दुसरं घे, बर्था. घाई नाही. लोकांना सवय आहे."

मग खाली बसला. सगळे उभे असताना एकटाच बसला.

बर्थाने श्वास घेतला. मगाचाच, राहिलेला.

"शेवटी," ती म्हणाली. "मटिल्डा."

नाव बाहेर पडलं आणि स्पीकरमधून भिंतींवर जाऊन आदळलं. मागे उभ्या एका म्हाताऱ्या बाईने क्रूसाची खूण केली. लेस्लीच्या आईने शेजारणीला काही विचारलं. बर्थाला पुढचं वाक्य आठवत होतं, ते कार्डावर होतं, पण आता ते पुरणार नाही हेही दिसत होतं.

"मटिल्डा माझी बहीण. सालोमीची आई. लेस्लीच्या माणसांनी तिला पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. इथे असती तर ती पुढे नसती उभी राहिली. त्या तिथे, पंख्याखाली. चपला काढून. आणि माझ्या नवऱ्याचं दुसरं शेवटी आलं की ती दर लग्नात काय ओरडायची, ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे."

मग पंख्याच्या बाजूनेच कोणीतरी, पुरुषाचा आवाज होता, म्हणालं, "फर्डी, वाइन गरम झाली!"

आणि हॉल फुटला. हसण्याने. ते हसणं मयतात आठवणी सांगताना हसतात तसं होतं. या गावात ते असतं, बरीच वर्षं ऐकलं नव्हतं एवढंच. सालोमीचे डॅडी खांद्यांनी हसत होते, आवाज न करता. फर्डिनंडने टाय सैल केला आणि दोन्ही हात वर केले, शरण आल्यासारखे.

"ती गेली तेव्हा आपल्याला तिच्यामागून चालता आलं नाही," बर्था म्हणाली. आवाज कापत होता, तिने कापू दिला. हात पदराला पुसला, तोही पुसू दिला. "कोणी काही बोललं नाही. मीपण नाही. तिला गप्प माणसांचा फार कंटाळा. म्हणून आज बोलले. सालोमी, आम्ही विसरलो नाही गं. आम्ही भ्यायलो होतो."

सालोमीने मान वर केली.

"आता खरंच शेवटी..." बर्था म्हणाली, आणि पुढे ती काय म्हणाली ते कोणालाच ऐकू आलं नाही, कारण युजीन मास्तरांनी तिसरं शेवटी धरून ट्रम्पेट फुंकलं होतं. ग्लास वर गेले. सालोमीने आपला ग्लास एका दमात रिकामा केला आणि रिकामा ग्लास, न बघता, लेस्लीसमोर धरला. त्याने शहाण्यासारखा भरला.

जेवण सुरू झाल्यावर बर्था कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली. फर्डिनंड ताट घेऊन आला आणि बाजूला बसला.

"हात पुसलास," तो म्हणाला.

"पुसला."

"आणि मयताचं नाव टोस्टात घेऊ नये, हे मी अजून म्हणतो."

"म्हण."

त्याने तिच्या ताटात स्वतःच्या ताटातला मोठा तुकडा ठेवला. आणखी काही म्हणणार होता, पण तोवर टेबलाभोवती माणसं जमली होती. कोणी ताट घेऊन, कोणी नुसताच ग्लास घेऊन. पंख्याखालून ओरडणारा तो माणूसही आला. मटिल्डाच्या शाळेतला होता. बोलायला सगळ्यांना एकदमच सुचत होतं. मटिल्डाने पाचूबंदरच्या लिलावात कसं पापलेट परत फेकलं. मटिल्डा असती तर हा पुलाव तिने स्वयंपाक्याच्या तोंडावर नेऊन मारला असता. मटिल्डा, मटिल्डा. नाव या ताटावरून त्या ताटावर जात होतं, मिठाच्या बशीसारखं.

"आणि ते आठवतं का," शाळासोबती म्हणाला, "ती सायकल घेऊन थेट किल्ल्याच्या तटावर चढली होती?"

"चढली नव्हती," बर्था म्हणाली. "चढवली होती. कोणी चढवली ते विचार स्वतःला."

"कुठली सायकल?" मागून आवाज आला.

सालोमी होती. पांढऱ्या झग्याचा घोळ दोन्ही मुठींत धरून उभी. दुसऱ्या टोकाला फोटोवाला तिला हाका मारत होता, लेस्ली हातवारे करत होता, नाचायची वेळ झाली होती. तिने पायाने एक खुर्ची ओढली आणि घोळासकट तीत बसली.

"ही मला माहीत नाही," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."